शरणपूरचा एक विद्यार्थी

आपल्या नाशिक शहरातील शरणपूर रस्त्याने आपण नित्य ये-जा करतो. परंतु ज्या गावावरून त्यास हे नाव मिळाले त्या गावाचा इतिहास फार थोड्यांस ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर हे ख्रिस्ती गाव वसविले. त्या काळी पूर्व आफ्रिकेतील मुले पळवून नेऊन विकण्याचा निर्दय व्यापार चाले. इंग्रजी आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेली मुले मुंबईस उतरविली जात, व त्यांतील पुष्कळांस शरणपुरी आश्रय मिळे. तेथे त्यांस लेखन, वाचन व इंग्रजी भाषा यांबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे हातास काम देणारे धंदेही शिकवीत.

जेकब वेनराइट हे ह्या मुलांपैकीच एक. ते जन्माने याओ जातीचे. १८७२ साली मध्य आफ्रिकेत प्रवास करीत असलेल्या डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्यांच्या मदतीस जी माणसे पाठविण्यात आली, तींत जेकब व शरणपूरचे आणखी काही विद्यार्थी होते. १ मे १८७३ रोजी, आज झांबियात असलेल्या चितांबो ह्यांच्या गावी, डॉक्टरसाहेबांचे देहावसान झाले. आज्ञा करणारा आता कोणी उरला नव्हता. सर्व मंडळी पांगली असती, तर त्यांस दोष देणारा जवळपास कोणी नव्हता. तथापि सुसी व चुमा ह्या जुन्या सेवकांस नायक नेमून सर्वांनी निश्चय केला की, धन्याचा देह व त्याचे कागद समुद्रापर्यंत पोहोचवावयाचे.

येथे जेकब ह्यांची विद्या कामास आली. पेट्यांतील सामानाची यादी त्यांनी लिहून काढली, म्हणजे एकही वस्तू गहाळ झाल्याचा आळ कोणावर येऊ नये. हृदय एका झाडाखाली पुरले, तेव्हा प्रेतसंस्काराची उपासना त्यांनीच वाचली, आणि त्या झाडाच्या खोडावर अक्षरेही त्यांनीच कोरली. मग मिठाने व उन्हाने वाळविलेला देह खांद्यावर घेऊन ती मंडळी हजारावर मैल चालली. वाटेत आजार व मृत्यू ह्यांनी त्यांस गाठले. तरी फेब्रुवारी १८७४ मध्ये ती बागामोयो बंदरास पोहोचली. १८ एप्रिल रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत जेकब होते. सुसी व चुमा मात्र विधी उरकल्यानंतर इंग्लंडास पोहोचले. ज्यांनी सर्वांत अधिक भार वाहिला त्यांस तो मान लाभला नाही, हे सांगितल्यावाचून ही हकीकत पुरी होत नाही. वाचविलेले कागद त्याच वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

१८७५ साली मोंबासाजवळ फ्रिअरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत स्थापन झाली, तेव्हा शरणपूरच्या अनेक आफ्रिकन मंडळींनी तेथे जाऊन आपल्या बांधवांची सेवा केली. शास्त्रातील योसेफ विकला गेला, आणि त्यानेच पुढे दुष्काळात आपल्या भावांस अन्न दिले. ह्या मुलांची कथा त्याहून फारशी निराळी नाही.

विद्यार्थिमित्रहो, यादी नीट करणे, स्वच्छ अक्षर काढणे, स्पष्ट वाचणे, हत्यार हातात धरता येणे, ह्या गोष्टी आपण वर्गात रोज शिकतो व त्या क्षुल्लक मानतो. जेकब ह्यांजपाशी त्या दिवशी ह्याहून मोठी विद्या नव्हती. जी होती ती त्यांनी, कोणी पाहत नसताना, दुसऱ्याच्या कामी प्रामाणिकपणे लाविली.