रीलोडविना डाव : जोखमीचा एक अभ्यास

लहानपणी आपण सर्वांनी लंगडी, आट्यापाट्या, विटीदांडू असे खेळ खेळले आहेत. या खेळांत एकदा बाद झालेला गडी डाव संपेपर्यंत बाहेर बसतो. बुद्धिबळातही हात लावलेला मोहरा चालवावाच लागतो, हा स्पर्धेचा नियम आहे. संगणकावरील खेळांनी मात्र आपल्याला एक नवी सवलत दिली. डाव हवा तेथे जतन करून ठेवावा आणि पुढे काही बिघडले तर त्या जागी परत जाऊन तोच प्रसंग पुन्हा खेळावा. यालाच खेळाडू 'रीलोड करणे' म्हणतात. ही सवलत स्वतःहून नाकारून खेळले तर काय होते आणि त्यातून वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला काय शिकता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विषय खेळाचा असला तरी त्याचे निमित्त खेळाचे नव्हते. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी मामाकडे बिरसा येथे गेले होते. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. मलाजखंडची तांब्याची खाण येथून जवळच, आणि एका बाजूला कान्हाचे जंगल. जिल्हा धानाचा. येथील चिन्नोर तांदळाला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मामाचा धंदाही धानाचाच. आदल्या हंगामात त्याने जवळचे सगळे भांडवल आणि वर उसने पैसे घालून धान खरेदी केले. माल अंगणात होता, अवकाळी पाऊस आला, धान भिजले आणि निम्म्याहून कमी भावात काढावे लागले.

मी दुपारी पडवीत बसून माझ्या जुन्या लॅपटॉपवर खेळत असे. एकदा माझा नायक मेला, मी लगेच मागच्या जागी परत गेले आणि तोच सामना जिंकला. मामा मागे उभा राहून पाहत होता. तो म्हणाला, "काहून वं पोरी, मेला होता ना तो आत्ताच?" मी रीलोडची सोय समजावून सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुह्या खेळात बरं आहे. माह्या धंद्यात अशी सोय राहिली असती, तर मी पावसाच्या आदल्या दिवशी परत गेलो असतो." त्या दिवसापासून मी रीलोड बंद केले.

खेळाचा परिचय

हा खेळ म्हणजे 'बाल्डर्स गेट'. कॅनडातील बायोवेअर या कंपनीने तो 1998 साली तयार केला. जुन्या यंत्रावरही तो चालतो, हा माझ्यासारखीला त्याचा मोठा गुण. त्याचे नियम 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून खेळावयाच्या बैठ्या खेळावरून घेतलेले आहेत. तो बैठा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, सोबती जमवतो (नायक धरून जास्तीत जास्त सहा) आणि राक्षस, चेटके, लुटारू यांनी भरलेल्या मुलखात प्रवास करतो. प्रत्येक वार लागला की चुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. संगणकात हा फासा दिसत नाही, पण तो सतत पडत असतो.

एक नियम येथे महत्त्वाचा आहे. सोबती मेला तर देवळात पैसे भरून त्याला बहुधा जिवंत करता येते. परंतु नायक मेला की खेळ संपतो, मग बाकीचे पाचही जण धडधाकट असोत.

डाव संपला की पहिल्यापासून आरंभ, ही कल्पना जुनी आहे. 1980 च्या 'रोग' नावाच्या खेळात जतन केलेला डाव पुन्हा उघडताच त्याची नोंद पुसली जाई, त्यामुळे मागे फिरण्याची वाटच राहत नसे. 2023 साली आलेल्या 'बाल्डर्स गेट 3' मध्ये 'ऑनर मोड' नावाचा प्रकार त्याच वर्षी घातला गेला. त्यातही जतनाची जागा एकच असते आणि सगळी टोळी मेली की मानाचा डाव संपतो. जुन्या खेळात मात्र अशी सक्ती नाही. तेथे नियम खेळाडूने स्वतःवर घालावयाचा आणि स्वतःच पाळावयाचा. जेवायला उठताना डाव जतन करण्यास हरकत नाही. वाईट निकाल पुसण्यासाठी मागे जाणे तेवढे वर्ज्य.

गणित काय सांगते

आपल्या संख्याशास्त्राच्या पुस्तकातील गुणाकाराचा नियम येथे उपयोगी पडतो. समजा, एका सामन्यात आपण वाचण्याची शक्यता शंभरात 95 आहे. हा आकडा फार चांगला वाटतो. पण असे सामने एकामागून एक खेळावयाचे असतील, तर 0.95 ला पुन्हा पुन्हा 0.95 ने गुणावे लागते. पाच सामन्यांनंतर जिवंत असण्याची शक्यता सुमारे 77 टक्के, दहांनंतर 60, चौदांनंतर 49 आणि विसांनंतर केवळ 36 टक्के उरते. म्हणजे 'जवळजवळ सुरक्षित' असे चौदा सामने खेळणे हे नाणेफेकीपेक्षाही किंचित वाईट ठरते. हीच शक्यता 95 ऐवजी 99 केली, तर विसांनंतर ती सुमारे 82 टक्के राहते. चार टक्क्यांचा फरक एका सामन्यात जाणवत नाही, वीस सामन्यांत मात्र तो सर्व काही ठरवतो.

रीलोड करणाऱ्याला हे गणित कधीच दिसत नाही. तो हरलेले सगळे फासे पुसून टाकतो आणि जिंकलेले तेवढे जोडून एक वाट तयार करतो. शेवटी त्याला वाटते, की आपण शहाणपणाने खेळलो.

भांडवलाचेही असेच आहे. एखाद्याने दर हंगामात सगळे भांडवल गुंतवून 20 टक्के नफा मिळवला, तर पाच हंगामांत 100 रुपयांचे 248 रुपये 83 पैसे होतात. सहाव्या हंगामात सगळे बुडाले, तर या रकमेला शून्याने गुणावयाचे. आधीचे पाच हंगाम किती चांगले गेले, याला मग काही अर्थ राहत नाही. म्हणून ज्याला मागे जाता येत नाही, त्याने 'सरासरीने किती मिळेल' या प्रश्नाआधी 'सर्व जाईल असे यात काही आहे काय' हा प्रश्न विचारला पाहिजे. या लेखाचे सार एवढेच आहे.

अनुभवाने मिळालेले नियम

सुटीत मी सात वेळा डाव मांडला आणि सातही वेळा मेले. प्रत्येक वेळी वहीत तारीख, जागा आणि कारण लिहून ठेवले. वही वाचल्यावर असे दिसले, की तीन डाव एकट्याने पुढे गेल्यामुळे गेले, दोन घाईमुळे आणि एक हाताशी असलेली औषधे न वापरल्यामुळे. निव्वळ फासा वाईट पडला म्हणून गेलेला डाव एकच. त्यावरून पुढील नियम निघतात.

(1) आरंभी सर्वांत जास्त जपावे. पहिल्या पायरीवरील चेटक्याच्या अंगी जेमतेम चार ते सहा गुणांचा जीव असतो आणि तलवारीचा एक घाव आठ गुणांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे एकच वार पुरे. नव्या दुकानाचे पहिले वर्षही असेच असते.

(2) एकट्याने जाऊ नये. 'फ्रेंडली आर्म' नावाच्या सराईच्या पायऱ्यांवर टार्नेश हा मारेकरी चेटक्या उभा असतो. तो आधी मंत्राने भीती घालून सगळ्यांना पळवतो आणि मग टिपतो. माझे दोन डाव तेथेच संपले. वाटेत भेटणाऱ्या इमोएनजवळ जादूची कांडी असते. तिचा बाण लागला की मंत्र म्हणणाऱ्याचा मंत्र मोडतो. तिला सोबत घेतले आणि आधी तिला वार करू दिला, तेव्हा हा सामना सोपा झाला.

(3) माहिती आधी, पाऊल नंतर. बॅसिलिस्क नावाचा प्राणी नुसत्या नजरेने माणसाचा दगड करतो. नायकाचा दगड झाला की खेळ संपला. यावर संरक्षणाचा मंत्र मिळतो, पण तो आधी मिळवून, आधी म्हणून मग तेथे जावे लागते. समोर प्राणी दिसल्यावर पिशवी चाचपण्यात अर्थ नाही.

(4) राखीव ठेवलेले वापरावे. औषधाच्या बाटल्या 'पुढे लागतील' म्हणून जपून मी नॅश्केलच्या लोखंडाच्या खाणीत आगीच्या बाणांनी मेले. मेले तेव्हा पिशवीत पाच बाटल्या होत्या. राखीव निधी संकटासाठी असतो. संकट ओळखून तो बाहेर काढणे हाही हिशेबाचाच भाग आहे.

(5) पळण्याची वाट मोकळी ठेवावी. सामना अर्धा झाल्यावर माघार घेण्यात लाज नाही. रीलोड करणारा कधी पळत नाही, कारण त्याला पळण्याची गरजच पडत नाही. म्हणून ही कला तो शिकतही नाही.

(6) पत सांभाळावी. या खेळात नावलौकिक चांगला असेल तर दुकानदार कमी भाव लावतात, वाईट असेल तर भाव चढतात आणि फारच घसरला तर शिपाई अंगावर येतात. नीतीचा उपदेश म्हणून हे सांगत नाही. स्वस्त मिळालेले एक चिलखतही जीव वाचवते.

एवढे करूनही फासा वाईट पडू शकतो, हे मान्य केले पाहिजे. नियमांनी मृत्यू टळत नाही, त्याची शक्यता पाचावरून एकावर येते, आणि वर पाहिल्याप्रमाणे तेवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

उपसंहार

हिशेबलेखनाच्या तासाला आपण पहिल्या वर्षीच शिकतो, की वहीत चुकलेली नोंद खोडावयाची नसते. ती तशीच ठेवून दुरुस्तीची दुसरी नोंद करावयाची असते. 1 एप्रिल 2023 पासून आपल्या देशातील कंपन्यांच्या हिशेबाच्या संगणकप्रणालीतही प्रत्येक बदलाची नोंद राहणे आणि ती बंद करता न येणे बंधनकारक झाले आहे. म्हणजे हिशेबाच्या जगात रीलोडला जागा नाही. मला पूर्वी हा नियम केवळ शिस्तीचा वाटे. माझी सात मृत्यूंची वही वाचल्यावर कळले, की चूक खोडली असती तर तिचे कारणही खोडले गेले असते.

बिरसा सोडण्याच्या आदल्या रात्री मी ही वही मामाला दाखवली. त्याने ती दिव्याखाली धरून शेवटपर्यंत वाचली आणि विचारले, "यात माहा कोणता?" मला उत्तर देता आले नाही. त्यानेच 'घाई' या शब्दावर बोट ठेवले, मग थोड्या वेळाने 'एकट्याने' या शब्दावर. पाऊस कोणी आणला नव्हता, पण उसने पैसे घेताना त्याने मामीला विचारलेही नव्हते. दिवाळीनंतर त्याचा फोन आला. नव्या हंगामात त्याने स्वतःच्या पैशाच्या तिसऱ्या हिश्श्याचेच धान घेतले आहे आणि खरेदीच्या आधी ताडपत्री घेतली आहे. उसने अजून फिटलेले नाही.

कन्नड विभागातील माझ्या मैत्रिणी खेळाला 'आट' म्हणतात, पण 'जीव' हा शब्द त्यांच्या आणि आपल्या भाषेत एकच आहे. वाचकमित्रांनी परीक्षेनंतरच्या सुटीत एखादा खेळ रीलोडविना खेळून पाहावा आणि हरल्यावर कारण लिहून ठेवावे, एवढीच विनंती. माझा आठवा डाव सध्या चालू आहे. या वेळी मी खाणीच्या तळापर्यंत पोहोचले आहे, आणि पिशवीत बाटल्या दोनच उरल्या आहेत.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, वाणिज्य