कोणती कॉम्प्युटर-भाषा शिकू?



जीसीएसई किंवा ए-लेव्हलचे विषय निवडायची वेळ आली की आपल्या वर्गातली मोठी मुले हमखास विचारतात, "काका, पायथॉन शिकू की जावा? कशात नोकरी टिकेल?" आई-वडिलांनाही हीच काळजी असते. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मिनिटभरात प्रोग्रॅम लिहून देतात, त्यामुळे ती आणखी वाढली आहे. उत्तर शोधण्यासाठी याच देशातली एक खरी गोष्ट पाहू.

डिसेंबर १९८१ मध्ये केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बीबीसी मायक्रो हा कॉम्प्युटर आणला. ब्रिटनमधल्या बहुतेक शाळांत तो पोचला. त्यावर 'बीबीसी बेसिक' ही भाषा चाले. ती सोफी विल्सन यांनी तयार केली होती. या कॉम्प्युटरच्या मॉडेल बी मध्ये मेमरी होती फक्त ३२ किलोबाइट! आजच्या मोबाइलवर काढलेला एक फोटोही तिच्यात मावणार नाही. त्यामुळे प्रत्येक ओळ विचार करून लिहावी लागे.

आज बीबीसी बेसिक येते म्हणून कोणी नोकरी देत नाही. मग ती सारी मेहनत वाया गेली का? मुळीच नाही. १९८३ मध्ये एकॉर्नने स्वतःचा प्रोसेसर बनवायला घेतला. त्याला कळणाऱ्या आज्ञांचा संच विल्सन यांनीच आखला आणि चिपची रचना स्टीव्ह फर्बर यांनी केली. २६ एप्रिल १९८५ रोजी ती चिप पहिल्यांदा चालली. तिचे नाव एआरएम. आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये याच घराण्यातली चिप असते. भाषा मागे पडली, पण यंत्र आतून कसे चालते याचे ज्ञान कामी आले.

आता दोन उदाहरणे शेजारी ठेवू. १९९६ मध्ये आलेल्या फ्लॅशवर पुढे इंटरनेटवरचे कितीतरी खेळ आणि चित्रपट चालत. पण ते एकाच कंपनीच्या हातात होते. ३१ डिसेंबर २०२० नंतर तिने ते बंद केले. उलट, डॉर्सेटमधल्या पोर्टलंडला जन्मलेल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती तक्त्यांत साठवण्याची एक पद्धत मांडली. तिच्यावर उभी राहिलेली एसक्यूएल ही भाषा अनेक कंपन्यांनी स्वीकारली. बँकांपासून दुकानांपर्यंत ती आजही रोज वापरात आहे.

म्हणून भाषा निवडताना तीन प्रश्न विचारा:

१. ही कोणा एकाच कंपनीच्या मर्जीवर आहे का?
२. हिच्यावर सहज मोडता येणार नाही असे मोठे काम उभे आहे का?
३. ही उद्या गेली, तर शिकलेल्यापैकी किती बरोबर नेता येईल?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. सुरुवात पायथॉनने करायला हरकत नाही. ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. मात्र दर सहा महिन्यांनी नवी भाषा धरू नका. एकच भाषा नीट मुरू द्या. जोडीला एसक्यूएल शिका, मेमरी आणि नेटवर्क कसे चालते ते समजून घ्या. यंत्राने लिहून दिलेला प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही, हे ज्याला मूळ माहीत आहे तोच सांगू शकेल.

पालकहो, आपल्या नोकरीत जे चालले तेच मुलांनी शिकावे असा आग्रह नको. झाडाची पाने गळतात, नवी येतात. मुलांची मुळे घट्ट होत आहेत ना, एवढे पाहू या.

शब्दार्थ
संच – एकत्र ठेवलेल्या वस्तूंचा गट
मुरणे – हळूहळू आत भिनणे, पक्के होणे
मर्जी – इच्छा, खुशी

स्वाध्याय
आई, बाबा किंवा ओळखीच्या काका-मावशींना विचारा: "पहिल्या नोकरीत तुम्ही काय शिकलात? त्यातले आज काय उपयोगी पडते?" उत्तर पाच ओळींत मराठीत लिहून पुढच्या वर्गाला आणा.