घरच्या वेल्डिंग मशीनच्या तक्रारी व त्यांवरील उपाय

कुकटपल्ली हैदराबादहून मुंबईकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसली आहे. शेजारच्या बालानगरात १९६८ साली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ टूल डिझाइन ही सरकारी संस्था स्थापन झाली. ह्या भागात कारखाने व दुरुस्तीची दुकाने पुष्कळ आहेत. येथे राहून जहीराबाद-उमरग्याकडील शेती सांभाळणाऱ्या आपल्या काही बांधवांनी वखर, ट्रॉली, गोठ्याचे फाटक जोडण्यासाठी घरी वेल्डिंगचे मशीन घेतले आहे. ते नीट चालेना की लगेच दुकानात नेले जाते. परंतु पुष्कळदा दोष मशीनच्या पेटीत नसतो. तो क्लॅम्प, केबल, रॉड किंवा वीजपुरवठ्यात असतो. म्हणून तपासणी बाहेरून आत करावी. केबल वा जोडणीला हात लावण्यापूर्वी प्लग काढावा, हा पहिला नियम.

१. ठिणगी पडत नाही किंवा तुटक पडते : प्रथम क्लॅम्प पाहावा. गंज, रंग वा मातीवर लावलेल्या क्लॅम्पमधून वीज नीट वाहत नाही. लोखंड घासून चकचकीत करावे व कामाच्या जवळच क्लॅम्प लावावा. होल्डरकडील केबल ढिली असेल तर ती जागा तापते. तेथे स्क्रू आवळावा.

२. रॉड चिकटतो : करंट कमी पडतो आहे. साधारणपणे अडीच मिलिमीटरच्या रॉडला ६० ते ९० ॲम्पियर आणि ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला ९० ते १३० ॲम्पियर लागतात. नेमका आकडा पुडक्यावर छापलेला असतो. शेतात मोटार चालू असताना व्होल्टेज उतरते, तेव्हा वेल्डिंगची वेळ बदलावी. लांब व बारीक वायरनेही व्होल्टेज पडते. जाड वायर वापरावी. तिचे वेटोळे तसेच ठेवू नये, ते तापते.

३. जोडात छिद्रे पडतात : रॉड दमट आहे, किंवा लोखंडाला तेल, रंग वा गंज आहे. पावसाळ्यात रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. ६०१३ जातीचे दमट रॉड पुडक्यावरील सूचनेप्रमाणे सुकवता येतात. ७०१८ जातीच्या रॉडना मात्र भट्टीची मोठी उष्णता लागते; उन्हात ठेवून भागत नाही.

४. मशीन मध्येच थांबते : ते तापले आहे. मशीनवर एखाद्या ॲम्पियरपुढे ४० टक्के लिहिले असेल, तर त्या करंटवर दहा मिनिटांत चार मिनिटे काम व सहा मिनिटे विश्रांती असा अर्थ. पंखा चालू राहू द्यावा, म्हणजे मशीन लवकर निवते. भुसा व धुळीने जाळ्या बुजल्या असतील तर प्लग काढून त्या साफ कराव्यात.

५. फ्यूज वारंवार उडतो : फ्यूजमध्ये जाड तार कधीही घालू नये. तसे केल्यास फ्यूज वाचतो आणि घराची वायरिंग जळते. मशीनचा भार घरच्या वायरिंगला पेलतो का, हे वायरमनकडून पाहून घ्यावे व मशीनच्या पेटीला अर्थिंग करून घ्यावे.

एवढे करूनही दोष राहिला, तरच मशीन दुकानात न्यावे. इन्व्हर्टर मशीनची पेटी घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्या कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज साठून राहते.

आता आरोग्याविषयी. रॉड व जोडकामाच्या लोखंडात ५० ते ८० व्होल्ट असू शकतात. घामाने भिजलेल्या किंवा ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला तेवढे घातक ठरू शकतात. घरातील शॉक-रक्षक स्विच ह्या बाजूच्या शॉकपासून वाचवीलच असे नाही. कोरडे कातडी हातमोजे, कोरडे बूट व पायाखाली कोरडी फळी हवीच.

काळ्या काचेविना ठिणगीकडे पाहिल्यास काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. डोळे चोळू नयेत. दूध वा बटाट्याचा रस घालू नये. स्वच्छ थंड पाण्याची घडी बंद पापण्यांवर ठेवून डॉक्टरांना दाखवावे. बघत उभ्या राहणाऱ्या मुलांना दूर ठेवावे.

जी. आय. पाइपावरील जस्त जळून निघणाऱ्या धुराने काही तासांनी थंडी-ताप येतो. दूध पिऊन हा धूर बाधायचा थांबत नाही. जोडाजवळचे जस्त आधी घासून काढावे. काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता, वारा बाजूने येईल असे उभे राहून करावे. डिझेल वा औषधाचे रिकामे पिंप घरी कधीही वेल्डिंग करू नये. आत राहिलेल्या वाफेने ते फुटते आणि माणूस जातो.

पोप पायस बारावे ह्यांनी १९५५ साली १ मे हा दिवस कामकरी संत योसेफाचा सण म्हणून नेमून दिला. श्रमाचा हा मान राखायचा तर श्रम करणाऱ्याचे डोळे, हात व प्राणही राखले पाहिजेत. फाटक उद्या जोडता येईल. म्हणून पुढच्या वेळी मशीन हाती घेण्याआधी क्लॅम्प, केबल, रॉड आणि काळी काच ह्या चार वस्तू आपण सर्वांनी तपासाव्यात, अशी आमची विनंती आहे.