कळफलकावरील दिवे आणि संगणक-जाळ्याची हालचाल

आर्णीसारख्या तालुक्याच्या गावी आज शिक्षणाची जवळजवळ प्रत्येक पायरी संगणकावरूनच चढावी लागते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा, प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन आणि अनेक परीक्षांचे शुल्कही ऑनलाइन. अर्ज भरून बटण दाबले की पडद्यावर एक चक्र फिरू लागते. ते फिरतच राहिले, की थोड्या वेळाने एक ठरलेले वाक्य कानी पडते : "सर्व्हर डाउन आहे, उद्या या." खेड्यावरून आलेल्या मुलाचा दिवस जातो, सोबत आलेल्या वडिलांची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे दुसऱ्यांदा भरावे लागते. आणि तो अर्जाचा शेवटचा दिवस असेल तर वर्षाचाच प्रश्न उभा राहतो.

हे वाक्य कधी खरे असते, कधी नसते. सर्व्हर म्हणजे दूरच्या टोकाला बसवलेला, आपला अर्ज स्वीकारणारा संगणक. बिघाड तिथे असू शकतो, वाटेत असू शकतो किंवा आपल्याच टेबलाखालच्या सैल वायरीतही असू शकतो. पडद्यावरचे चक्र मात्र तिन्ही प्रसंगी सारखेच फिरते, कारण ते कशाचेही मोजमाप करीत नाही. 'थांबा' असे सांगण्यासाठी काढलेले ते एक चित्र आहे. मग खरोखर काय चालले आहे हे कसे ओळखावे? त्यासाठी उपयोगी पडणाऱ्या एका साध्या साधनाचा, म्हणजे कळफलकावरील तीन लहान दिव्यांचा, आपण या लेखात अभ्यास करू.

दिवा कोणाच्या ताब्यात असतो?

टेबलावरच्या संगणकाच्या पूर्ण आकाराच्या कळफलकावर उजव्या कोपऱ्यात बहुधा तीन दिवे असतात : नम लॉक, कॅप्स लॉक व स्क्रोल लॉक. हे दिवे एल.ई.डी. म्हणजे प्रकाश देणारे डायोड होत. डोळ्यांना दिसणारा तांबडा प्रकाश देणारा एल.ई.डी. अमेरिकेतील निक होलोन्याक यांनी १९६२ साली बनवला. १९८१ साली आलेल्या आय.बी.एम. पी.सी.च्या कळफलकावर हे दिवे नव्हते. १९८४ च्या पी.सी. ए.टी. या संगणकाबरोबर ते आले.

कॅप्स लॉकची कळ दाबली की तीच दिवा लावते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. कळ दाबल्यावर कळफलक फक्त 'अमुक कळ दाबली गेली' एवढी वर्दी संगणकाला देतो. संगणक तिची नोंद घेतो आणि उलट 'आता हा दिवा लाव' अशी आज्ञा कळफलकाला पाठवतो. जुन्या गोल पिनेच्या कळफलकात ही आज्ञा दोन आकड्यांची असते. पहिला आकडा २३७, म्हणजे 'दिव्यांविषयी सांगतो आहे'. दुसऱ्या आकड्यात स्क्रोल लॉकसाठी १, नम लॉकसाठी २ व कॅप्स लॉकसाठी ४ धरून जे दिवे लावायचे त्यांची बेरीज असते. तिन्ही लावायचे तर ७, नम आणि कॅप्स लावायचे तर ६, सर्व विझवायचे तर ०. यू.एस.बी. कळफलकात संदेशाची रीत वेगळी असली, तरी हुकूम संगणकाचाच चालतो.

यातून एक उपयुक्त कसोटी मिळते. पडदा गोठला, माउस हलेना, अशा वेळी कॅप्स लॉक दाबून पाहावे. दिवा लागत-विझत असेल तर संगणक आतून काम करतो आहे, थोडे थांबावे. दिवा ढिम्म राहिला तर संगणकच अडकला असण्याचा संभव अधिक. आणि दिवा संगणकाच्या हातात असल्याने, कळ न दाबताही आज्ञावली तो लावू शकते. पुढचा सारा खटाटोप याच गोष्टीवर उभा आहे.

मॉडेमच्या दिव्यांचा काळ

भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने एर्नेट हे शिक्षण व संशोधन संस्थांचे जाळे सुरू केले. आपल्या महाराष्ट्रातून मुंबईची आय.आय.टी. आणि जुहू येथील एन.सी.एस.टी. या संस्था त्यात प्रारंभीच सहभागी होत्या. एन.सी.एस.टी.चे डॉ. श्रीनिवासन रामाणी यांना या कार्याबद्दल २०१४ साली 'इंटरनेट हॉल ऑफ फेम' मध्ये स्थान मिळाले. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ पासून इंटरनेट सेवा खुली केली.

त्या काळी संगणक दूरध्वनीच्या तारेने जोडला जाई व मधे मॉडेम असे. सेकंदाला ९,६०० बिट ही तेव्हाची एक नेहमीची गती. या गतीने १० लाख अक्षरांची म्हणजे ८० लाख बिटांची फाइल आणायला जवळजवळ १४ मिनिटे लागत, आणि वेळ जाई तसे पैसे जात. म्हणून माहिती येते आहे की तार नुसतीच अडवून ठेवली आहे, हे कळणे खिशाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे होते. बाहेर ठेवायच्या मॉडेमवर दिव्यांची ओळ असे : एक माहिती जाताना लुकलुके, एक येताना. परंतु संगणकाच्या पेटीतच बसवलेल्या मॉडेमला हे दिवे नसत. मग काही कल्पक लोकांनी विचार केला, की समोरच्या कळफलकावर तीन दिवे आयते आहेत, त्यांतला स्क्रोल लॉक तर फारसा कोणी वापरतही नाही. त्यांच्याकडूनच हे काम का करून घेऊ नये? लिनक्स प्रणालीसाठी टी-लेड्स नावाची छोटी आज्ञावली याच कामासाठी तयार झाली. विंडोजसाठीही अशा आज्ञावली निघाल्या.

काम कसे चालते?

जाळ्यातून जाणारी माहिती सलग जात नाही. तिचे लहान लहान तुकडे पडतात, त्यांना पॅकेट म्हणतात. नेहमीच्या जोडणीत एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त १,५०० बाइट मावतात. त्यातच पत्ता वगैरे लिहायचा असल्याने १० लाख बाइटांच्या छायाचित्राची सुमारे ७०० पॅकेटे होतात. प्रत्येक जोडणीतून किती पॅकेटे गेली व किती आली, याचा हिशोब संगणकाची प्रणाली सतत ठेवत असते.

दिव्याची आज्ञावली एवढेच करते, की ठरावीक अंतराने हा हिशोब पाहते. आकडा मागच्या वेळेपेक्षा वाढला असेल तर दिवा लुकलुकवते, वाढला नसेल तर स्वस्थ बसते. २०१५ साली आलेल्या लिनक्सच्या ४.२ आवृत्तीपासून कळफलकाचे दिवे प्रणालीतील इतर दिव्यांप्रमाणेच हाताळता येऊ लागले. २०१८ च्या ४.१६ आवृत्तीत जाळ्याची हालचाल दिव्यावर दाखवण्याची सोय मूळ प्रणालीतच आली. तिच्यात दिवा लुकलुकण्याचा काळ न बदलता ठेवला तर ५० मिलिसेकंद असतो. जाणारी पॅकेटे, येणारी पॅकेटे किंवा दोन्ही, यांपैकी दिव्याने काय दाखवावे हेही ठरवता येते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सेकंदाला ३० पॅकेटे गेली काय किंवा ३,००० गेली काय, दिवा जवळपास सारखाच लुकलुकतो. म्हणून तो वेग सांगत नाही. हालचाल आहे की नाही, एवढेच सांगतो.

दिव्यांचे वाचन

समजा, एक दिवा जाणाऱ्या व दुसरा येणाऱ्या माहितीसाठी लावला आहे आणि अर्जाचे बटण दाबले आहे. तर :

१) दोन्ही दिवे स्वस्थ असतील, तर आपली मागणी संगणकातून बाहेरच पडलेली नाही. वायर, वाय-फाय, मोबाइलचा हॉटस्पॉट तपासावा. अशा वेळी सर्व्हरला दोष देणे चुकीचे ठरेल.

२) जाणारा दिवा अधूनमधून लुकलुकतो, येणारा स्वस्थ आहे, तर आपण हाक मारतो आहोत पण उत्तर नाही. जोडणी पुढे कुठेतरी तुटलेली असावी.

३) दोन्ही लुकलुकतात पण पान पुढे सरकत नाही, तर आणखी एक कसोटी लावावी. दुसरे एखादे परिचित संकेतस्थळ उघडून पाहावे. ते झटकन उघडले तर आपली जोडणी ठीक आहे आणि अडचण पलीकडे आहे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. तेही उघडले नाही तर जोडणीकडेच पाहावे, कारण घरातला राउटरही उत्तरे देत असतो आणि केवळ तेवढ्यानेही दिवा लुकलुकतो.

४) आपण काहीच करीत नसताना दिवे सतत लुकलुकत असतील, तर संगणक पाठीमागे काही उतरवून घेत असेल किंवा नको असलेली आज्ञावली काम करीत असेल. त्याचा शोध घ्यावा.

आजच्या अनेक लॅपटॉपवर स्क्रोल लॉकचा दिवाच नसतो. तिथे राउटरचे दिवे पाहावेत. फायबरच्या जोडणीत भिंतीवरच्या पेटीवर 'एल.ओ.एस.' असे लिहिलेला दिवा तांबडा झाला, तर काचतंतूतून येणारा प्रकाश पोहोचत नाही असा त्याचा अर्थ. तेव्हा संगणक बंद-चालू करण्यात वेळ घालवू नये. जोडणी देणाऱ्याला कळवावे.

दिवा काय सांगत नाही?

हा या पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग होय. दिवा हालचालीची साक्ष देतो, अर्ज पोहोचल्याची नाही. पॅकेट गेले म्हणजे अर्ज नोंदला गेला असे होत नाही. पलीकडच्या संगणकाने पॅकेट मिळाल्याची पोच दिली, तरी ती पॅकेटची पोच असते, अर्जाची नव्हे. अर्जाची साक्ष एकच : पडद्यावर आलेला अर्ज क्रमांक व त्याची पावती. पैसे भरले असतील तर व्यवहार क्रमांक. हे मिळेपर्यंत काम झाले असे समजू नये. मात्र शुल्क भरताना दिवे लुकलुकत असतील तर अधीर होऊन दुसऱ्यांदा बटण दाबू नये, कारण पैसे दोनदा कापले जाण्याची शक्यता असते. थांबावे, मग बँकेचा संदेश व अर्जाची स्थिती पाहूनच पुढचे पाऊल टाकावे.

दुसरी सावधगिरी सुरक्षिततेची. २००२ साली जो लॉफ्री व डेव्हिड अम्फ्रेस या अमेरिकी संशोधकांनी दाखवले, की काही उपकरणांचे दिवे थेट माहितीच्या तालावर लुकलुकतात आणि दुरून तो प्रकाश टिपून माहिती वाचता येते. २०१९ साली इस्राएलमधील बेन-गुरियन विद्यापीठातील संशोधकांनी कळफलकाच्या दिव्यांतून, जाळ्याला न जोडलेल्या संगणकातील माहिती बाहेर काढून दाखवली. अर्थात त्यासाठी घातक आज्ञावली आधी त्या संगणकात शिरलेली असावी लागते. आपण वर पाहिलेला दिवा केवळ हिशोबाचा आकडा वाढला की लुकलुकतो. पॅकेटमधील मजकूर त्यातून कळत नाही. तरीही कळफलकाशी संबंधित कोणतीही आज्ञावली अनोळखी ठिकाणाहून उतरवून घेऊ नये. तशी आज्ञावली आपण टाइप केलेला पासवर्डही टिपू शकते.

तात्पर्य

पडद्यावर दिसते ते, कानावर येते ते आणि प्रत्यक्ष घडते ते, या तिन्ही गोष्टी वेगळ्या असू शकतात. प्रत्येक खूण कशाची साक्ष देते आणि कशाची देत नाही, हे विचारण्याची सवय लागली तर 'उद्या या' हे ऐकून मुकाट्याने परतण्याची पाळी कमी येईल. सर्व्हर खरोखरच बंद असेल, तर पडद्याचे छायाचित्र तारीख व वेळेसह काढून ठेवावे. मुदतवाढीसाठी किंवा तक्रारीसाठी तो पुरावा उपयोगी पडतो.

स्वाध्याय

१) कॅप्स लॉक दाबल्यापासून दिवा लागेपर्यंत संदेश कोठून कोठे जातात, याची आकृती काढा.

२) नम लॉक व स्क्रोल लॉक हे दोनच दिवे लावण्यासाठी दुसरा आकडा कोणता पाठवावा लागेल?

३) राउटरपासून संगणकाकडे येणारी वायर काढून पाच मिनिटे दिव्यांचे निरीक्षण करा, नंतर वायर जोडून पुन्हा करा. दोन्ही वेळच्या नोंदी वहीत समोरासमोर लिहा.

४) दिवा लुकलुकतो आहे पण अर्ज क्रमांक आलेला नाही. अशा वेळी कोणत्या क्रमाने काय तपासाल ते लिहा, आणि आपल्या वस्तीतील अर्ज भरणाऱ्या एका तरी विद्यार्थ्याला तो क्रम समजावून सांगा.