घटक ३ : वसाहतकाळ आणि बोली – साष्टी बेटाचे उदाहरण

३.१ उद्दिष्ट

या घटकाच्या अभ्यासानंतर परकीय राजवट आणि लोकभाषा यांचा संबंध आपल्याला उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.

३.२ विषयविवेचन

मीरा-भाईंदरमधील पेणकरपाडा ज्या साष्टी बेटावर आहे, ते बेट १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याकडून पोर्तुगिजांकडे गेले. १७३७ मध्ये मराठ्यांनी ते जिंकून घेतले. मधल्या दोनशे वर्षांत येथे चर्च उभी राहिली, अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली, डिमेलो, परेरा अशी आडनावे रूढ झाली. तरीही त्यांच्या घरातील भाषा मराठीच राहिली. स्त्रियांचे लुगडे टिकले, लग्नातील ‘उंबराचे पाणी’ हा विधीही टिकला. पाव, बटाटा, चावी, साबण, पगार हे पोर्तुगीज शब्द तर सर्वच मराठी भाषकांचे झाले.

कॅरिबियन समुद्रातील जमैका बेटाचा अनुभव वेगळा आहे. १६५५ मध्ये इंग्रजांनी ते स्पेनकडून जिंकले आणि उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून माणसे गुलाम म्हणून आणली. त्यांच्या भाषा भिन्न होत्या, गावे आणि कुळे तुटलेली होती. त्यामुळे इंग्रजी शब्दांवर उभी राहिलेली, आफ्रिकी भाषांचा ठसा असलेली नवी मिश्रभाषा जन्मास आली. महाराष्ट्रातही चौलजवळील कोर्लई येथे, पोर्तुगीज किल्ल्याच्या आश्रयाने वाढलेल्या ख्रिस्ती वस्तीत, पोर्तुगीज-मराठी संपर्कातून अशीच मिश्रभाषा घडली.

म्हणजेच भाषेचे भवितव्य केवळ राजवटीच्या कालावधीवर ठरत नाही. साष्टीतील माणसे आपल्या शेतात, मिठागरांत, कोळीवाड्यांत आणि शेजाऱ्यांच्या सहवासात राहिली. म्हणून धर्म बदलूनही बोली टिकली. ‘ईस्ट इंडियन’ हे या समाजाचे नाव मात्र इंग्रजी अमदानीतले आहे. गोवा व मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे आहोत, हे दर्शवण्यासाठी १८८७ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने ते स्वीकारले.

आज शेतांच्या जागी इमारती आल्या आहेत आणि नव्या पिढीच्या बोलण्यात इंग्रजी वाढली आहे. जी बोली पोर्तुगीज सत्तेखाली टिकली, तिचा आधार असलेले गावच आता विरत आहे. म्हणून तिची नोंद करणे हे मराठीच्या अभ्यासकाचे निकडीचे काम ठरते.

३.३ सारांश

राज्यकर्त्यांची भाषा लोकभाषेला शब्द देते. पण माणसे आपल्या भूमीवर आणि समाजात राहिली, तर लोकभाषा टिकू शकते, हे साष्टीच्या उदाहरणावरून दिसते.

३.४ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. साष्टी आणि जमैका येथील भाषिक परिणामांतील भेद सकारण सांगा.
२. आपल्या परिसरातील ज्येष्ठ व्यक्तींकडून बोलीतील दहा शब्द मिळवून त्यांचे अर्थ नोंदवा.