ड्रायर फिरत नाही, तेव्हा...



पावसाळ्यात बडोद्यातल्या आपल्या घरांतून सकाळी सात वाजता एक हाक हमखास ऐकू येते, "आई, माझा गणवेश अजून ओलाच आहे!" अशा वेळी सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा ड्रायर बंद पडला तर घरात काय गोंधळ उडतो, हे वेगळे सांगायला नको. कपडे धुण्याची बाजू चालते, ड्रायर मात्र ढिम्म. मोटर जळली असेल या भीतीने घरातले सगळे कासावीस होतात. अनेकदा दोष निघतो तो झाकणाखाली बसवलेल्या एका छोट्या स्विचमध्ये. नववी-दहावीच्या मुलांना आज त्याच स्विचचा धडा देत आहे. पालकांनीही तो जरूर वाचावा. खरे तर त्यांनीच आधी वाचावा.

आपण ज्याला ड्रायर म्हणतो तो कपडे तापवून वाळवत नाही, गरगर फिरवून त्यांतले पाणी बाहेर फेकतो. (अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांकडे असतो तो ड्रायर वेगळा. त्यात गरम हवा असते आणि पिंप मिनिटाला जेमतेम पन्नास फेरे घेते. दाराचा स्विच मात्र त्यालाही असतो.) आपला ड्रायर मिनिटाला साधारण १३०० फेरे घेतो. आता वही उघडा. डब्याची त्रिज्या १२ सें.मी. धरली तर परीघ झाला सुमारे ०.७५४ मीटर. १३०० ला ६० ने भागले की सेकंदाला २१.७ फेरे येतात. म्हणजे डब्याच्या कडेचा वेग सेकंदाला १६.३ मीटर, तासाला जवळजवळ ५९ किलोमीटर! वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागून केंद्रगामी त्वरण काढा. ते गुरुत्वत्वरणाच्या सव्वादोनशे पटींहून थोडे जास्त येते. ओल्या पंचातले पाणी म्हणूनच निथळते, आणि झाकणाला स्विच लावावा लागतो तोही म्हणूनच.

या स्विचची रचना अगदी साधी असते. तांब्याच्या मिश्रधातूच्या दोन लवचिक पट्ट्या आणि त्यांच्या टोकांना दोन छोटे ठिपके, म्हणजे कॉन्टॅक्ट. झाकण बंद केले की बिजागरीजवळची एक दांडी पट्टीला दाबते, ठिपके एकमेकांना टेकतात आणि मंडल पूर्ण होते. बहुतेक मशीनमध्ये तीच दांडी एक तार ओढून मोटरच्या बाजूचा ब्रेकही सोडते. झाकण उघडले की दोन्ही गोष्टी उलट होतात. वीज तुटते, ब्रेक लागतो आणि डबा काही सेकंदांत थांबतो. तुम्ही एकसर जोडणी शिकला आहात. इथे टाइमर, झाकणाचा स्विच आणि मोटर एकसर जोडलेले असतात. टाइमर चालू 'आणि' झाकण बंद असेल तरच मोटर फिरते. दोन अटींपैकी एक मोडली की काम थांबलेच. फ्रीजच्या दाराचा स्विच याच्या बरोबर उलटा असतो. दार लावल्यावर तो दाबला जातो आणि दिवा विझतो.

आता दोष शोधू या. पहिली तपासणी हत्यारांशिवाय, नुसत्या कानांनी करायची. धुण्याची बाजू चालते आहे ना? मग प्लग, वायर आणि घरचा फ्यूज ठीक आहेत. ड्रायरचे आतले गोल झाकण कपड्यांवर नीट बसवा, बाहेरचे झाकण बंद करा, टाइमर तीन मिनिटांवर लावा आणि ऐका.

'घूंऽऽ' असा आवाज येतो पण डबा हलत नाही, असे असेल तर वीज मोटरपर्यंत पोहोचते आहे. म्हणजे स्विच निर्दोष! मग डबा आणि बाहेरचे टाके यांच्या फटीत मोजा किंवा रुमाल अडकला आहे का, ब्रेक सुटत नाही का, कपॅसिटर (मेकॅनिक त्याला कंडेन्सर म्हणतात) गेला आहे का, असे प्रश्न येतात. टाइमर लगेच शून्यावर आणा, कारण वीज घेऊनही न फिरणारी मोटर भराभर तापते. ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात ज्यांच्या मशीनमध्ये पाणी शिरले, त्यांच्या मोटरचा प्रश्नही वेगळा. मोटर खाली असते, झाकणाचा स्विच वर.

काहीच आवाज नसेल तर संशय स्विचवर, टाइमरवर किंवा मोटरच्या वळ्यांवर जातो. झाकण तळहाताने जरा जोराने दाबून पाहा. दाबल्यावर ड्रायर सुरू झाला आणि हात काढल्यावर थांबला, तर चोर जवळजवळ सापडलाच. दांडी झिजली असेल, बिजागरी सैल झाली असेल, नाहीतर पट्टी वाकली असेल. साबणाची वाफ आणि दमट हवा यांमुळे ठिपक्यांवर काळा थर साचतो. वीज जोडता-तोडताना उडणाऱ्या बारीक ठिणग्या त्यात भर घालतात.

इथपर्यंत मुलांनी करायला हरकत नाही. यापुढचे काम मोठ्यांनी करावे, मुलांनी शेजारी उभे राहून पाहावे. आधी प्लग काढायचा. नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग हातात दिसला पाहिजे. डिसमिसने मागचे पॅनेल उघडले की झाकणाच्या बिजागरीजवळ दोन वायरींचा स्विच सापडतो. कपॅसिटरला हात लावू नये. प्लग काढल्यावरही त्यात वीजभार राहू शकतो. स्विचची एक वायर सोडवून मल्टिमीटर सातत्याच्या खुणेवर ठेवा आणि त्याची दोन टोके स्विचच्या दोन टोकांना लावा. झाकण बंद असताना 'पीं' वाजले पाहिजे, उघडल्यावर गप्प झाले पाहिजे. दोन्ही वेळा गप्प राहिले तर स्विच गेला. आणि दोन्ही वेळा वाजले तर? ठिपके वितळून चिकटले आहेत. ड्रायर फिरेल, पण झाकण उघडल्यावरही वीज तुटणार नाही. हा दोष जास्त वाईट, कारण घरात त्याची कुणाला तक्रारच नसते.

बारीक पॉलिश पेपरने ठिपके घासून स्विच काही दिवस चालतो. मी तो सरळ बदलावा या मताची आहे. मोटरच्या मानाने तो किरकोळ किमतीत मिळतो. जुना स्विच दुकानात सोबत न्या, कारण सगळ्या मशीनचे आकार सारखे नसतात.

आता माझी स्वतःची गोष्ट. वर्गात सुरक्षिततेवर बोलणाऱ्या बाईंच्या घरची आहे, म्हणून सांगायला थोडा संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात आमचा ड्रायर असाच बंद पडला. घरी पाहुणे, दोऱ्या भरलेल्या. दुरुस्तीला आलेल्या माणसाने सांगितले, "बाई, स्विच गेलाय, आज मिळणार नाही. डायरेक्ट करून देऊ?" डायरेक्ट करणे म्हणजे स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकणे. मला त्याचा अर्थ पुरता ठाऊक होता. तरी मी म्हटले, "करा, पुढच्या आठवड्यात नवा बसवू." ब्रेकची तार खरखरते म्हणून त्याने तीही सैल करून ठेवली. मी त्यालाही हो म्हटले.

तो पुढचा आठवडा चार महिने आला नाही. ड्रायर छान चालत होता ना!

दिवाळीच्या साफसफाईत सासूबाई पडदे पिळायला गेल्या. झाकण उघडले की डबा थांबतो, ही त्यांच्या हाताची सवय. त्या वाकल्या आणि लुगड्याचा पदर आत गेला. मी स्वयंपाकघरातून धावले आणि प्लग ओढला. तेवढ्यात पदर टराटरा फाटला होता. फाटला म्हणूनच त्या सुटल्या. मनगट सुजले, दहा दिवस पट्टी होती. "माझंच चुकलं, मी बघायला हवं होतं," असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. चूक कुणाची ते मी एकदाच त्यांच्याजवळ बोलले. त्या नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, मग आज तरी तो स्विच आण."

त्याच दुपारी आणला. बसवायला वीस मिनिटे लागली.

मायक्रोवेव्ह बनवणाऱ्यांनी माणसाचा हा स्वभाव ओळखलेला दिसतो. त्याच्या दाराला एकच नव्हे, अनेक स्विच असतात. त्यांतल्या एकाचे काम असे, की दार उघडल्यावरही बाकीचे चिकटून राहिले तर मुद्दाम शॉर्ट सर्किट करून फ्यूज उडवायचा. यंत्र बंद पडले तरी चालेल, पण उघड्या दाराने चालता कामा नये.

स्विच बदलल्यावर एक चाचणी करायची राहते. ओला टॉवेल घालून ड्रायर पूर्ण वेगात येऊ द्या, मग झाकण उचला. हात दूर ठेवून सेकंद मोजा. मोटरचा आवाज लगेच बंद झाला पाहिजे आणि डबा दहा-पंधरा सेकंदांच्या आत थांबला पाहिजे. आवाज बंद झाला पण डबा फिरतच राहिला, तर स्विच ठीक आहे, ब्रेकची तार सैल आहे. दहावीच्या मुलांनी या रविवारी पालकांसमक्ष आपल्या घरी ही चाचणी करावी आणि किती सेकंद लागले ते वहीत लिहून आणावे. ज्यांच्या घरी झाकण उघडल्यावर मोटर थांबलीच नाही, त्यांनी सोमवारची वाट न पाहता प्लग काढून ठेवावा आणि मला कळवावे.