पाळलेला साप आजारी आहे का?

नागपंचमीला सापाच्या चित्राची पूजा करणाऱ्या माझ्या घरात चिरंजीवांनी बॉल पायथन आणला, तेव्हा आठ दिवस मी त्या खोलीत पाऊल टाकले नाही. पुढे त्याने तीन आठवडे उंदीर खाल्ला नाही आणि काळजी मलाच लागली! डोळे दुधाळ निळसर, अंग निस्तेज. पण तो आजार नव्हता, कात टाकायची वेळ आली होती. या जातीचा मोठा साप हिवाळ्यात कधी काही महिनेही खात नाही. वजन टिकून असेल तर घाबरू नये. आम्ही दर आठवड्याला वजन करून वहीत लिहितो (काटा वेगळा, स्वयंपाकघरातला नव्हे).

खरी धोक्याची खूण श्वासाची. एकदा डिसेंबरात आम्ही गावाला गेलो असता हीटिंग पॅड बंद पडले. परतलो तो साप मान वर धरून, तोंड उघडे ठेवून श्वास घेत होता. शिट्टीसारखा आवाज, नाकाशी बुडबुडे. फुप्फुसाचा संसर्ग! अशा वेळी दिवस घालवू नये. घरातली उरलेली अँटिबायोटिक्स देऊ नयेत, जबरदस्तीने भरवू नये. पेटीची उबदार बाजू ९० अंश फॅरनहाइटच्या आसपास, दुसरी ७८ च्या आसपास हवी.

कुत्र्यामांजरांचे सगळेच डॉक्टर साप तपासत नाहीत. आम्हाला दोघांनी परत पाठवले. सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर आधीच शोधून ठेवा, फी फोनवरच विचारा. आमचा साप इंजेक्शनांनी बचावला.

धडधाकट सापाच्या अंगावरही साल्मोनेला असू शकतो. हात साबणाने धुवा, त्याचे भांडे किचन सिंकमध्ये घासू नका आणि पाच वर्षांखालील मुलांना त्याला हात लावू देऊ नका.